सय्यद हैदर रझा: मोकळा फटकारा आणि त्याआधीची बांधणी

गेरू

माझ्याकडे शंकरनगरात शाळकरी मुलं चित्रकला शिकायला येतात. बहुतेकांचं एलिमेंटरी-इंटरमिजिएट झालेलं असतं, वस्तुचित्रात हात बसलेला असतो, आणि हल्ली आल्या आल्या मागणी एकच: "मॅडम, आता एक्स्प्रेसिव्ह शिकवा." त्यांना हवा असतो मोठा ब्रश, भरपूर रंग आणि मनसोक्त फटकारे. मोबाइलवर तसे व्हिडिओ ढिगाने दिसतात, त्यामुळे भावना म्हणजे वेग अशी समजूत पक्की झालेली आहे. मी नाही म्हणत नाही. आधी त्यांना चित्रकार सय्यद हैदर रझांची चित्रं वर्षाच्या क्रमाने लावून दाखवते. तोच क्रम इथे मांडायचा आहे, आणि नागपूरकरांसमोर मांडायचा आहे, कारण त्याची पहिली पायरी आपल्या शहरात आहे आणि ती आपण फार लवकर विसरलो.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील जंगल खात्यात. मंडला आज मध्य प्रदेशात आहे म्हणून दूरचं वाटतं, पण तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती. दमोहला शाळा संपवलेल्या मुलाला चित्रकला शिकायची असेल तर तो नागपूरलाच येणार. १९३९ ते १९४३ ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. मग मुंबई, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, आणि १९४७मध्ये सूझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट. त्यातले ह. अं. गाडे अमरावती जिल्ह्यातले. म्हणजे सहा जणांत दोघांची वाट विदर्भातून गेलेली.

आता मुंबईतली त्यांची जलरंगातली कामं पाहा. पावसातले रस्ते, ओले डांबर, ओघळलेला रंग. हात विलक्षण सुटलेला आहे. माझ्या मुलांना रझांचं हेच काम पहिल्यांदा सर्वात जास्त आवडतं, कारण त्यांना हवा असलेला मोकळेपणा त्यात आहेच. मुंबईत त्या कामाला दाद मिळत होती, बक्षिसं मिळत होती.

आणि तरीही १९४८मध्ये काश्मीरला चित्रं काढत असताना फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ त्यांना भेटले आणि म्हणाले की चित्रांत गुण आहे, बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझान पाहा. ही हकीकत रझांनी पुढे स्वतः वारंवार सांगितली. मला यातलं त्यांचं ऐकून घेणं मोठं वाटतं. त्या काळात आई-वडील एकापाठोपाठ गेले होते, फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात निघून गेली होती, रझा इथे राहिले होते. मनात काय चाललं असेल याची कल्पना करा. 'एक्स्प्रेस' करायला या माणसाकडे काही कमी नव्हतं. पण त्यांनी काय केलं, तर फ्रेंच भाषेचे धडे घेतले, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५०मध्ये पॅरिसला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले.

पॅरिसमधली पहिली दोन-तीन वर्षांची चित्रं बघून मुलं गोंधळतात. सगळा ओलावा गेलेला. अपारदर्शक जलरंगात, आपण पोस्टर कलर वापरतो तशा पद्धतीने, सपाट रंगवलेली घरं. भिंतींचे चौकोन, छपरांचे त्रिकोण, माणूस एकही नाही, काही चित्रांत वर काळा सूर्य. दक्षिण फ्रान्समधल्या डोंगरावरच्या गावाचं १९५१चं 'ओ द कान्य' पाहा. घरं एकमेकांना अशी टेकलेली आहेत की एक काढलं तर बाकीची ढासळतील. मी मुलांना सांगते, आपल्या जुन्या महाल भागात कोणाच्याही गच्चीवर जा आणि खाली बघा: वाड्यांची कौलं, टिनाची पत्रं, पाण्याच्या टाक्या, मधूनच एखादं देवळाचं शिखर. तेच कोडं रझा सोडवत होते. कुठला चौकोन कुठल्या चौकोनाला धरून ठेवतो, एवढंच.

पुढे तैलरंग आला, पॅलेट नाइफ, म्हणजे रंग थापायची बोथट सुरी, आली, रंगाचा थर जाड झाला, घरांच्या कडा वितळायला लागल्या. १९५६मध्ये त्यांना 'प्री द ला क्रितीक' हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले बिगर-फ्रेंच चित्रकार. १९६२मध्ये बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवायला गेले, तिथे रॉथ्को आणि त्या पिढीच्या अमेरिकन चित्रकारांचं काम जवळून पाहिलं, आणि त्यानंतर अ‍ॅक्रिलिक या झटपट सुकणाऱ्या रंगाकडे वळले. तेव्हा वय चाळीस. ज्या फटकाऱ्यांसाठी आज त्यांची साठ-सत्तरच्या दशकातली चित्रं ओळखली जातात ते फटकारे इथून पुढचे आहेत.

माझं म्हणणं असं आहे की ते फटकारे उभे राहतात ते आधीच्या चौकोनांच्या जिवावर. 'राजस्थान' नावाच्या किंवा त्या सुमाराच्या चित्रांत लाल-केशरी-काळा असा भडका दिसतो, पण जरा थांबून बघा: कॅनव्हास खणांत विभागलेला आहे, कडेने पट्टा आहे, राजपूत लघुचित्रांना असतो तसा हाशिया. भडका त्या खणांच्या आत पेटलेला आहे. मुलांना मी आडव्या-उभ्या रेघा पेन्सिलीने शोधून काढायला लावते, आणि प्रत्येक वेळी सापडतात.

इथल्या जाणकारांनी लिहावं. विशेषतः शिकवणाऱ्यांनी.

महालकर

गेरूताई, धागा उत्तम. महालातल्या गच्चीचं वर्णन वाचून आमच्या घराचीच गच्ची आठवली. पण एका ठिकाणी अडलो.

आधी बांधणी, मग मोकळेपणा, हा क्रम रझांच्या आयुष्यात तसा पडला हे मान्य. त्यावरून मुलांसाठी नियम काढायचा का? आपल्याकडच्या ग्रेड परीक्षांनी बांधणीच्या नावाखाली किती मुलांचे हात आखडवले ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. तोच घडा, तीच पडद्याची चुणी, तीच डावीकडून येणारी सावली. एक पोरगं स्वतःहून रंग फेकायला तयार झालंय तर त्याला पुन्हा पेन्सिल आणि पट्टी द्यायची?

दुसरं. भावना दिसायला फटकारा लागतोच असं नाही, याचा पुरावा नागपूरचाच आहे. चित्रकार वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४, नागपूर. त्यांच्या परिपक्व चित्रांत हाताची धाव जवळजवळ नाहीच. रोलर, पॅलेट नाइफ, रंग लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. वर्षाला मोजकीच चित्रं. आणि समोर उभं राहिलं की पाय हलत नाहीत. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, तेव्हा कुठे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना जाग आली. रझा आणि गायतोंडे दोघांनाही एकाच मापाने 'एक्स्प्रेसिव्ह' म्हणायचं असेल तर ते माप फटकाऱ्याचं असू शकत नाही, आणि कदाचित बांधणीचंही नाही.

गेरू

@महालकर दादा, गायतोंडे आणलेत ते फार बरं केलंत. त्यांच्यामुळे माझा मुद्दा उलट पक्का होतो. रोलर फिरवून रंग काढून टाकायचा कुठे आणि ठेवायचा कुठे, हा प्रत्येक वेळचा निर्णय आहे. तीसुद्धा बांधणीच, फक्त रेषेची नाही, प्रकाशाची.

ग्रेड परीक्षांबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. घड्याची सावली घोटवणं म्हणजे बांधणी शिकवणं नव्हे. बांधणी म्हणजे हा आकार इथेच का, याचं उत्तर मुलाने स्वतः शोधणं. त्यासाठी पट्टी लागत नाही. रझांनाही सेझानची नक्कल करायला कोणी सांगितलं नव्हतं, सेझान बघायला सांगितलं होतं.

सातपुडा

ताई, मी चित्रकार नाई, जंगलातला माणूस आहो. मंडल्याकडं बरीच वर्षं नोकरी केली. तुम्ही सगळं पॅरिसचं लिवलं, पण मले वाटते रझांचं खरं गुपित तिकडं नाई, इकडं आहे.

पेंचचं जंगल तुम्ही पाह्यलं असन. साग. उन्हाळ्यात पानं झडून उघडं पडते, दूरवरचं दिसते. मंडल्या-कान्ह्याकडं साल आहे. सालाचं झाड एकाच टायमाले पूर्ण उघडं पडत नाई, जुनी पानं जाता जाता नवी येतात. त्यामुळं भर दुपारी बी आत काळोख असते आणि मधूनच उन्हाचा एखादा पट्टा खाली उतरते, एकदम पेटल्यावानी. रातच्याले तं हाताले हात दिसत नाई. दूरवरून गोंडांच्या ढोलाचा आवाज येते आणि कोणत्या दिशेनं येते ते समजत नाई. लहान पोराच्या मनावर ते काय कोरून जात असन ते मी सांगू शकतो, काहून का माह्या पोराच्या मनावर कोरलेलं मी पाह्यलं. शहरात आल्यावर बी तो कागदावर आधी काळाच रंग भरे.

त्यांच्या चित्रातला काळा मले तसाच वाटते. आणि त्यातून निंगणारा लाल म्हणजे पळस नाहीतं वणवा. मार्चमंधी सिवनीच्या रस्त्यानं जाऊन पाहा, दोन्ही दिसतीन.

गेरू

@सातपुडा काका, तुमचा प्रतिसाद मी मुलांना वाचून दाखवणार आहे. मूळ लेखात ही बाजू फारच पातळ राहिली होती. रझांनी स्वतःही हे सांगितलेलं आहे: लहानपणी रात्रीच्या जंगलाची भीती, गोंडांचे नाच, आणि पहाट झाली की येणारा धीर. १९७२च्या 'तपोवन'सारखं चित्र या अनुभवाशिवाय उलगडतच नाही. पॅरिसमध्ये राहणाऱ्या पन्नाशीच्या माणसाच्या कॅनव्हासवर सातपुड्यातली रात्र उतरते आणि ती झाडं न काढता उतरते.

मला वाटतं, तरुणपणीच्या जलरंगांत आणि या चित्रांत फरक पडतो तो इथेच. मुंबईच्या पावसाची चित्रं समोर दिसलेल्या गोष्टीची आहेत. सत्तरच्या दशकातली चित्रं तीस-चाळीस वर्षं मुरलेल्या गोष्टीची आहेत. हात दोन्हीकडे मोकळा, पण दुसऱ्या वेळी त्याच्या मागे साठा आहे.

वैनगंगा

मी चंद्रपूरची, सध्या नागपुरात बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, झाल्यावर स्वतंत्र काम करते. साहित्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

तैलरंगाकडून अ‍ॅक्रिलिककडे जाणं ही रझांच्या बाबतीत किरकोळ गोष्ट नाही. तैलरंगाचा जाड थर वरून सुकलेला वाटला तरी आतून महिनोन्‌महिने ओला असतो. त्यावर घाईने दुसरा हात मारला की चिखल होतो, नाहीतर पुढे भेगा पडतात. त्यामुळे तैलरंगात माणूस आपोआप थांबत थांबत काम करतो. अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांत सुकतं. लालावर काळा, काळ्यावर पुन्हा केशरी, एकाच बैठकीत, एकही रंग दुसऱ्यात न मिसळता. त्यांच्या त्या काळातल्या चित्रांत रंग एकमेकांवर चढलेले असूनही ताजे राहतात त्याचं अर्धं श्रेय या माध्यमाचं आहे असं मला काम करताना वाटतं.

आता नागपूरची गोष्ट. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात, हवा कोरडी ठणठणीत, कूलर लावला तर समोरून झोत. ट्यूबमधून काढलेला रंग ब्रश बुडवेपर्यंत पापड होतो. सुरुवातीला मी फार वैतागले. मग पसरट डब्यात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, अशी पॅलेट करायला लागले. काम थांबवलं की झाकण लावायचं. रंग दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. कॅनव्हासवर मात्र उपाय नाही. तिथे फटकारा मारण्याआधीच ठरलेला असावा लागतो, कारण तो पुसता येत नाही, वळवता येत नाही. फार तर सुकल्यावर झाकता येतो. मी आता ब्रश उचलण्याआधी हात हवेत एक-दोनदा फिरवून बघते: खांद्यातून फिरवायचाय की मनगटातून, कुठे दाब द्यायचा, कुठे उचलायचा. बाहेरून बघणाऱ्याला एक सेकंदाचं काम दिसतं.

म्हणून गेरूताईंना माझा पाठिंबा. मोकळा दिसणारा हात बराचसा आधी ठरलेला असतो.

चौकट

सगळं वाचलं, आवडलं. पण बिंदूवर, म्हणजे त्यांच्या चित्रातल्या त्या काळ्या वर्तुळावर, कोणीच येत नाहीये, आणि बहुतेक लोकांना रझा म्हणजे बिंदूच माहीत आहे. कॅलेंडरवर, हॉटेलच्या लॉबीत, डायरीच्या मुखपृष्ठावर. मला स्पष्ट लिहायचंय: १९८०च्या आसपास बिंदू आला तिथे मोकळ्या रझांचा शेवट झाला. नंतरची चित्रं नीटनेटकी, आखीव, सजावटीची. त्रिकोण, वर्तुळ, पंचमहाभूतं, पुन्हा त्रिकोण. बाजाराला ओळखू येणारी खूण मिळाली आणि चित्रकार त्यात अडकला. २०२३मध्ये लिलावात एक्कावन्न कोटींच्या वर गेलेलं 'जेस्टेशन' १९८९चं, म्हणजे बिंदूच्या काळातलंच. बाजाराने काय डोक्यावर घेतलं ते यावरून समजतं.

गेरू

@चौकट, तुमची तक्रार मी उडवून लावणार नाही. शेवटच्या काही वर्षांतली बरीच चित्रं मलाही कोरडी वाटतात. तीच वर्तुळं, तेच पट्टे, हात कुठे जाणवत नाही. पण 'शेवट झाला' ही रेघ तुम्ही फार आधीच ओढली आहे.

१९८३चं 'सौराष्ट्र' बघा. दोन मीटर बाय दोन मीटरचा कॅनव्हास. त्यात खण आहेत, काळा बिंदू आहे, आणि खणांच्या आत सत्तरच्या दशकातला भडकाही शिल्लक आहे. पिवळा, तांबडा, मातकट, सगळे अजून ब्रशच्या खुणांसकट. दोन्ही रझा एकाच चौकटीत आहेत. १९८१चं 'माँ' तसंच. त्या चित्रात देवनागरी अक्षरं आहेत आणि काळा बिंदू सजावटीचा मुळीच नाही, तो जड आहे. ही चित्रं मोबाइलवर दोन इंचांची होतात, तेव्हा भूमिती तेवढी उरते आणि हात नाहीसा होतो. तुमचा राग काही अंशी त्या दोन इंचांवरचा असावा असं मला वाटतं.

शिवाय बिंदू बाजाराने दिलेला नाही. मंडल्याजवळच्या शाळेत मन लागत नसे म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं, ही त्यांची लहानपणाची आठवण आहे. परत सातपुडा काकांचंच जंगल आणि त्याच्या कडेची शाळा.

महालकर

'सौराष्ट्र'चा मुद्दा पटला. एक भर घालतो. पॅरिसमध्ये आणि दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बियोत मिळून साठ वर्षं काढली, पत्नी जानीनही चित्रकार, फ्रेंच; तरी रझांनी भारतीय नागरिकत्व सोडलं नाही. २०१०च्या शेवटी दिल्लीला परत आले. २३ जुलै २०१६ला गेले तेव्हा दफन मंडल्यात, वडिलांच्या कबरीजवळ. २०२३मध्ये पाँपिदू सेंटर या कलासंग्रहालयाने पॅरिसमध्ये मोठं प्रदर्शन भरवलं. पॅरिसला ते आपले वाटतात, मंडल्याला वाटतात, भोपाळला वाटतात. चार वर्षं जिथे शिकले त्या नागपुरात त्यांच्या नावाने एखादं कायमचं दालन असायला हवं होतं. अजब बंगल्यासारखं दीडशे वर्षांचं वस्तुसंग्रहालय आपल्याकडे आहे, चित्र पाहणारा वर्ग आहे. भाऊ समर्थांसारखा चित्रकार या शहरात राहून काम करून गेला. ही मागणी कोणी लावून धरणार असेल तर मी सोबत आहे.

चौकट

दालनाच्या मागणीला माझाही हात वर. आणि 'सौराष्ट्र' मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहिलं. मधल्या खणांतली ब्रशची धाव याआधी खरोखर लक्षात आली नव्हती. १९८५च्या पुढच्या चित्रांबद्दल माझं मत कायम आहे.

पळसफूल

नमस्कार. मी चित्रकलेतली नाही, पण धागा पूर्ण वाचला. मुलगा अकरावीत आहे, बीएफएची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देणार म्हणतो. दिवसभर खोलीत बसून मोठमोठे कागद रंगवतो, सगळे काळे-लाल. विचारलं तर म्हणतो, मला जे वाटतं ते काढतो. आम्हा दोघांना कळत नाही की याला अडवायचं की सोडायचं. क्लासला घातलं तर म्हणतो तिथे घडा काढायला लावतात. गेरूताई, तुम्ही काय कराल?

गेरू

@पळसफूल ताई, अडवू नका. काळे-लाल कागद एकही फेकू नका, मागे तारीख घालून ठेवा. तारीख फार महत्त्वाची आहे. रझांचं काम आज आपण क्रमाने वाचू शकतो ते तारखांमुळेच. सहा महिन्यांनी ते कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि त्यालाच विचारा, यातले कुठले उभे राहतात आणि कुठले पडतात. तो बरोबर सांगेल. कारण सांगायला अडखळेल, आणि शिकवणाऱ्याचं काम तिथून सुरू होतं.

सीईटीसाठी त्याला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करावंच लागेल, त्यातून सुटका नाही. पण घड्याऐवजी तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर जसं पडलेलं असेल तसं मांडून द्या. कुकरचं झाकण, पिशवीतून डोकावणारी मेथी, मिक्सरची वायर. शक्य असेल तर त्याला येत्या रविवारी सकाळी महालात पाठवा. महालकर दादांनी गच्ची द्यायचं कबूल केलंय, मी मुलांना घेऊन जाते आहे. सात ते साडेनऊ, नंतर ऊन सोसत नाही. छपरं काढायची आहेत, फक्त सपाट रंगात, एकही सावली न देता.

पळसफूल

खूप आभार ताई. येईल तो. अ‍ॅक्रिलिक आणायचं का?

वैनगंगा

गच्चीवर अ‍ॅक्रिलिक नको, ब्रश खराब होतील. मीही येतेय.

गेरू

पोस्टर कलर पुरेत. पांढऱ्याची बाटली मात्र मोठी आणायला सांगा, सपाट रंग झाकायला तोच सगळ्यात जास्त लागतो. कागद जाड, पाव इम्पीरियलपेक्षा (साधारण ११ बाय १५ इंच) लहान नको. आणि बोर्डाला चार क्लिपा, सकाळी गच्चीवर वारा असतो.